सुट्टीतलं हार्वर्ड, प्रवेशातलं हार्वर्ड

जानेवारी उजाडला की पुण्या-मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय शाळांच्या पालकांमध्ये एक प्रश्न फिरू लागतो. अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाचा दोन आठवड्यांचा समर प्रोग्राम आहे, फी पाच-साडेपाच हजार डॉलर. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा आणि वरखर्च धरला तर आकडा सहा-सात लाखांच्या घरात जातो. मुलगी अकरावीत आहे आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतच अर्ज करायचे आहेत. पाठवावं का? प्रवेशाला उपयोग होईल का?

उत्तरं दोन टोकांची येतात. कुणाच्या भाच्याने असा प्रोग्राम केला आणि त्याला त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला. कुणाच्या शेजाऱ्यांच्या मुलीने सलग दोन उन्हाळे तिकडे काढले आणि तिला सगळीकडून नकार आला. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, पण दोन्हींवरून काहीच सिद्ध होत नाही.

कोड्याची खरी गाठ वेगळीच आहे. अमेरिकेतले प्रवेश अधिकारी ज्या उन्हाळी कार्यक्रमांना मान देतात, त्यांतले कित्येक पूर्ण मोफत आहेत किंवा गरजूंना फी माफ करतात. ज्यांची फी डोळे विस्फारायला लावते, त्यांचं अर्जातलं वजन मात्र बहुतेक वेळा यथातथाच असतं. महाग ते चांगलं, हा बाजारातला ठोकताळा इथे उलटा का पडतो?

एका ओळीची जागा

अमेरिकेत पदवीच्या प्रवेशासाठी एकच परीक्षा नसते. जेईईला गुण मिळाले, क्रमांक लागला, जागा पक्की झाली, असा सरळ हिशेब तिथे नाही. नामांकित विद्यापीठं अर्ज सगळ्या बाजूंनी वाचतात: शाळेतल्या चार वर्षांचे गुण, घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, बऱ्याच ठिकाणी एसएटी या सामाईक परीक्षेचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रं, निबंध आणि अभ्यासाबाहेरचे उद्योग. समर प्रोग्राम येतो तो या शेवटच्या खान्यात.

हा खाना किती मोठा आहे ते पाहू. १९७५मध्ये सुरू झालेला ‘कॉमन अ‍ॅप’ हा सामाईक अर्ज आज हजाराहून अधिक कॉलेजं स्वीकारतात. त्यात जास्तीत जास्त दहा उपक्रम नोंदवता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, तीही शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. शिवाय प्रत्येक उपक्रमापुढे दोन आकडे भरायचे असतात: आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे. सहा-सात लाखांचा समर प्रोग्राम इथे ‘वर्षाला आठवडे: २’ होऊन बसतो. दुसऱ्या एखाद्या अर्जात त्याच जागी वस्तीतल्या मुलांना दर शनिवारी गणित शिकवल्याची नोंद असते, आणि तिथला आकडा असतो ४०.

अर्ज वाचणारी माणसं त्याला गुण कसे देतात, हे एरवी बाहेरच्यांना कळत नाही. पण हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध एक खटला झाला आणि २०१८मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात तिथली अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. वंशाचा विचार करून प्रवेश देण्याच्या पद्धतीवरचा हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२३मध्ये हार्वर्ड हरलं. तो वाद बाजूला ठेवला, तरी त्यातून कळलेली गुणांकनाची रीत इथे फार कामाची आहे. अभ्यास, अभ्यासाबाहेरचे उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व या बाबींना वेगवेगळे अंक दिले जातात. १ सगळ्यात वरचा.

उपक्रमांच्या बाबतीत १ हा अंक राष्ट्रीय पातळीवरच्या किंवा एखाद्या व्यावसायिकाच्या तोडीच्या कामगिरीला मिळतो. शाळेत ठळक काम केलेल्यांना, म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधी किंवा शाळेच्या वृत्तपत्राचा संपादक अशांना २ मिळतो. मनापासून भाग घेतला, पण वेगळं उठून दिसेल असं काही नाही, त्यांना ३. पैसे भरून केलेला दोन आठवड्यांचा कार्यक्रम या शिडीवर कुठे बसेल? एकट्याच्या बळावर तो कुणाला तीनवरून दोनवर नेईल, असं मानायला जागा दिसत नाही.

अधिकारी अर्ज संदर्भासह वाचतात, हेही लक्षात घ्यायला हवं. प्रत्येकाकडे ठरावीक प्रदेश असतो आणि अर्जासोबत शाळेची माहितीही येते. वर्षाला दहा-बारा लाख फी घेणाऱ्या शाळेतल्या मुलाने परदेशात उन्हाळा काढला, याचं वाचणाऱ्याला नवल वाटत नाही. उलट एवढी साधनं हाताशी असताना या मुलाने स्वतःहून काय केलं, हाच प्रश्न पुढे येतो.

हा सगळा खटाटोप मोजक्या विद्यापीठांपुरता आहे, हे मात्र आपल्याकडच्या चर्चेत हरवून जातं. अमेरिकेतली बहुसंख्य चार वर्षांची कॉलेजं निम्म्याहून जास्त अर्जदारांना प्रवेश देतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीसारखी मोठी सार्वजनिक व्यवस्था प्रामुख्याने शाळेतल्या गुणांवर चालते. कुठलं विद्यापीठ कशाला किती महत्त्व देतं, हे ताडून पाहायची सोयही आहे. बहुतेक विद्यापीठं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं माहितीपत्रक दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातल्या ‘सी ७’ या तक्त्यात गुण, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम अशा प्रत्येक बाबीपुढे ‘अतिशय महत्त्वाचं’, ‘महत्त्वाचं’, ‘विचारात घेतो’ किंवा ‘विचारात घेत नाही’ अशी खूण असते. परदेशी प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या कौन्सेलरला लाखभर रुपये देण्याआधी हा फुकटचा तक्ता पाहावा.

रिकाम्या वसतिगृहांचं अर्थकारण

मग विद्यापीठं हे कार्यक्रम चालवतात तरी कशासाठी?

अमेरिकेत मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरपर्यंत कॉलेजं ओस पडतात. वसतिगृहं, भोजनगृहं, वर्गखोल्या, प्रयोगशाळा यांचा खर्च मात्र चालूच राहतो. ही जागा वापरात आणायची कल्पना जुनी आहे. हार्वर्डचं समर स्कूल १८७१पासून चालू आहे. अशा कार्यक्रमांचा कारभार साधारणपणे निरंतर शिक्षणाच्या किंवा तशाच एखाद्या स्वतंत्र विभागाकडे असतो. प्रवेश विभाग वेगळा, त्याची माणसं वेगळी आणि हिशेबही वेगळा. शिकवायलाही नेहमीचे प्राध्यापकच असतील असं नाही. पुष्कळदा संशोधक विद्यार्थी किंवा बाहेरचे शिक्षक वर्ग घेतात.

याखेरीज आणखी एक प्रकार आहे. खासगी कंपन्या उन्हाळ्यापुरती विद्यापीठाच्या खोल्या आणि वसतिगृहं भाड्याने घेतात आणि माहितीपत्रकावर त्या प्रसिद्ध इमारतींचं छायाचित्र छापतात. इथे विद्यापीठाचं नातं मंगल कार्यालयाच्या मालकाइतकंच असतं. हॉल त्याचा, पण तो ना वरपक्षाचा ना वधूपक्षाचा, आणि आहेराच्या पाकिटांशी त्याला काही देणंघेणं नाही. पत्रकात ‘अमुक विद्यापीठाचा’ कार्यक्रम असं लिहिलंय की ‘अमुक विद्यापीठात’ होणारा, एवढं नीट वाचलं तरी निम्मा उलगडा होतो.

कार्यक्रम खुद्द विद्यापीठाचा असला तरी हमी नसतेच. आमच्याकडे उन्हाळ्यात आलात म्हणजे पदवीला प्रवेश मिळेल असं समजू नका, असा खुलासा प्रश्नोत्तरांच्या पानावर सहसा सापडतो. गंमत म्हणजे तो फी भरण्याच्या बटणापासून बराच दूर असतो.

‘तुमच्या मुलाची निवड झाली आहे’ अशी सोनेरी मोहोर उमटवलेली पत्रंही येतात. नेतृत्व परिषद, भावी डॉक्टरांची परिषद, युवा मुत्सद्द्यांचा मेळावा अशी भारदस्त नावं असतात. निवड हा शब्द वाचून घर हरखून जातं. अशी पत्रं पुष्कळदा विकत घेतलेल्या याद्यांवरून हजारोंनी पाठवली जातात. तिथे निवडीचा खरा निकष पैसे भरायची तयारी एवढाच असतो, आणि हे प्रवेश अधिकाऱ्यांना पालकांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

यात एक अपवाद सांगायला हवा. काही समर स्कूलमध्ये शाळकरी मुलांना पदवीचा खरा अभ्यासक्रम घेता येतो. चार किंवा सात आठवडे वर्ग, गृहपाठ, परीक्षा, आणि शेवटी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर श्रेणी. शाळेत वरच्या पातळीचं गणित किंवा अर्थशास्त्र शिकायची सोयच नसेल, तर ही श्रेणी काहीतरी ठोस सांगते. अर्थात ती वाईट आली तरी लपवता येत नाही. पुढे अर्ज करताना बहुतेक ठिकाणी तीही दाखवावी लागते.

मोफत, पण दार अरुंद

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांचे जनक म्हणून ओळखले जाणारे अमेरिकी अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी जोअ‍ॅन डिजेनारो यांच्यासह १९८३मध्ये ‘सेंटर फॉर एक्सलन्स इन एज्युकेशन’ ही संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ म्हणजे आरएसआय सुरू झालं. सहा आठवडे, शंभरच्या आसपास मुलं, कार्यक्रमाला फी नाही. एमआयटीच्या आवारात राहून प्रत्येकाने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली स्वतःचा प्रकल्प करायचा, शेवटी लेख लिहायचा आणि तो सगळ्यांसमोर मांडायचा. अमेरिकेतल्या प्रवेश अधिकाऱ्याला या तीन अक्षरांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

‘समर सायन्स प्रोग्राम’ त्याहून जुना, १९५९चा. कॅलिफोर्नियातल्या ओहाय गावच्या थॅचर स्कूलमध्ये तो सुरू झाला. मुलं रात्री दुर्बिणीतून एखाद्या लघुग्रहाचे वेध घेतात, दिवसा त्याची कक्षा काढायला लागणारं गणित आणि भौतिकशास्त्र शिकतात, आणि ती मोजण्याचा संगणकी प्रोग्राम स्वतः लिहितात. क्वालकॉम कंपनीचे एक संस्थापक फ्रँकलिन अँटोनिओ याच शिबिराचे माजी विद्यार्थी. २०२२मध्ये ते गेले आणि जाताना त्यांनी शिबिराला २० कोटी डॉलरचं दान ठेवलं. शाळकरी मुलांच्या उन्हाळी शिबिराला एवढी देणगी, हे आपल्याला जरा परीकथेसारखंच वाटतं.

गणिताची शिबिरं तर आपल्या जागी एक परंपराच आहेत. अर्नोल्ड रॉस यांनी १९५७मध्ये सुरू केलेला रॉस प्रोग्राम, त्यातूनच घडलेल्या ग्लेन स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९मध्ये बॉस्टन विद्यापीठात उभा केलेला ‘प्रॉमिस’, आणि १९९३पासूनचा मॅथकॅम्प. इथे फी आहे, पण गरजूंना मदतही मिळते. आत शिरायचा मार्ग तिन्हीकडे साधारण सारखाच आहे. अर्जासोबत काही प्रश्न दिले जातात आणि ते घरी बसून, कितीही दिवस घेऊन सोडवायचे असतात. बरोबर उत्तराइतकंच, कधी त्याहून जास्त, महत्त्व मुलगा विचार कसा करतो याला. क्लासच्या चाचण्यांमध्ये तीन मिनिटांत एक गणित उडवायला शिकलेल्या मुलांना एकाच प्रश्नाशी आठवडाभर झटायचं म्हणजे पहिल्यांदा घाम फुटतो. प्रॉमिसची भारतीय आवृत्तीही आता बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये भरते. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज उरलेली नाही.

हे कार्यक्रम अर्जात वजनदार का ठरतात, याचं उत्तर एका बाजूने अगदी कोरडं आहे. प्रवेश अधिकाऱ्याकडे एका अर्जाला मोजकी मिनिटं असतात. हार्वर्डकडे २०२४ साली प्रवेश देण्यासाठी ५४,०००च्या वर अर्ज आले आणि वसंतापर्यंत एकूण १,९३७ जणांना होकार गेला. अशा घाईत ‘आरएसआय’ किंवा ‘मॅथकॅम्प’ हे शब्द सांगतात, की त्या विषयातल्या जाणकार मंडळींनी या मुलाला आधीच पारखलं आहे. अधिकारी दुसऱ्याने केलेल्या निवडीचा आधार घेतो. अर्थशास्त्रात याला ‘सिग्नल’ म्हणजे संकेत म्हणतात. आणि संकेताला किंमत येते ती तो सहज विकत घेता येत नाही म्हणून. ज्या कार्यक्रमात पैसे भरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला जागा मिळते, त्याचं नाव मुलाबद्दल काही सांगत नाही. फार तर बापाच्या बँक खात्याबद्दल सांगतं.

दुसरी बाजू तितकी कोरडी नाही. सहा आठवडे एकाच प्रश्नावर काम केलं की हातात काहीतरी उरतं: एखादा लेख, एखादी सिद्धता, चुकलेल्या प्रयोगांची वही. निबंधात लिहायला खरी गोष्ट मिळते. मार्गदर्शक शिफारसपत्र देतो तेव्हा ‘हुशार आणि नम्र विद्यार्थी’ या ठोकळ्याऐवजी त्याला प्रत्यक्ष पाहिलेला प्रसंग लिहिता येतो. अर्जात ओळ एकच असली, तरी तिचे धागे बाकीच्या पानांवर पसरतात.

मुळात हुशार, की शिबिरामुळे?

तरी एक शंका उरतेच. आरएसआयची कितीतरी मुलं पुढे एमआयटी-हार्वर्डला जातात, हे खरं. पण शिबिरात शंभरांत निवडली गेलेली ही मुलं एरवीही तिथे पोचली असती. मग शिबिराने नेमकं काय केलं? नुसती यशस्वी माजी विद्यार्थ्यांची यादी पाहून हे कधीच कळणार नाही. जाहिराती मात्र तीच यादी दाखवतात.

हे शोधायचा प्रामाणिक मार्ग म्हणजे सारख्याच पात्रतेच्या मुलांमधून काहींना चिठ्ठ्या टाकून जागा द्यायची आणि नंतर दोन्ही गट कुठे पोचले ते पाहायचं. सेरा कोहोड्स, हेलन हो आणि सिल्व्हिया रोबल्स या तीन संशोधकांनी असाच प्रयोग केला. निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञान-तंत्रज्ञान शिकवणाऱ्या एका अव्वल अमेरिकी संस्थेचे उन्हाळी कार्यक्रम त्यांनी निवडले. हे कार्यक्रम उच्च शिक्षणात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा समाजगटांतल्या मुलांसाठी होते. एक आठवड्याचा निवासी, सहा आठवड्यांचा निवासी आणि सहा महिन्यांचा ऑनलाइन, असे तीन प्रकार. पात्र मुलं जास्त आणि जागा कमी असल्यामुळे कोणाला जागा द्यायची हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं.

निकाल स्पष्ट होता. जागा मिळालेली मुलं जास्त प्रमाणात कॉलेजात गेली, टिकली आणि पदवी घेऊन बाहेर पडली. ती यजमान संस्थेतही जास्त गेली आणि तशाच दुसऱ्या नामांकित विद्यापीठांतही. सगळ्यात सघन, म्हणजे सहा आठवड्यांच्या कार्यक्रमामुळे चार वर्षांत विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण ३३ टक्क्यांनी वाढलं.

म्हणजे उपयोग होतो, चांगला होतो. पण कुणाला होतो ते पाहायला हवं. ही पैसे मोजून आलेली मुलं नव्हती. घरात, शाळेत, गल्लीत कुणीही अशा संस्थेत शिकलेलं नाही, अशा मुलाला तिथे अर्ज करायचं सुचतच नाही. सहा आठवडे तिथल्या जेवणाच्या टेबलावर बसलं की ‘हे आपलं ठिकाण नव्हे’ ही भीती गळून पडत असणार. कोणते विषय घ्यायचे, अर्ज कधी भरायचा, आर्थिक मदत कशी मागायची हे कळतं. ज्या घरात या गोष्टी चहासोबत बोलल्या जातात, तिथल्या मुलाला या लाभातलं बरंचसं आधीच मिळालेलं असतं. त्याच्यासाठी तोच उन्हाळा आनंदाचा असेल, पण आयुष्याची वाट बदलणारा असण्याचं कारण नाही.

पैशाची सावली

अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांचा हा सगळा खानाच श्रीमंतांकडे झुकलेला आहे, असा आक्षेप आहे आणि त्याला पुरावाही आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी २०२३मध्ये अमेरिकेतल्या बारा सर्वांत प्रतिष्ठित खासगी विद्यापीठांचा अभ्यास मांडला. एसएटीला सारखेच गुण असलेल्या मुलांमध्ये सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात तिथे शिकायला जातात, असं त्यांना आढळलं. प्रवेश मिळण्यातल्या फरकाची कारणं तीन निघाली: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप, खेळाडूंच्या राखीव जागा, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे चढे अंक. यातली मेख पुढे आहे. या तिसऱ्या प्रकारच्या अंकांचा पुढच्या आयुष्यातल्या यशाशी संबंध दिसला नाही. परीक्षांच्या गुणांचा दिसला.

त्याच वर्षी कॉमन अ‍ॅपच्या सुमारे ६० लाख अर्जांवर आधारलेला दुसरा एक अभ्यास आला. सधन घरांतली आणि खासगी शाळांतली मुलं जास्त उपक्रम आणि जास्त नेतृत्वपदं नोंदवतात, असं त्यात दिसलं. तेव्हा मुलांचे अर्ज भारदस्त करून देणारा ‘प्रोफाइल बिल्डिंग’चा बाजार हवेतून उगवलेला नाही.

या बाजाराची नवी शाखा म्हणजे विकतचं संशोधन. पैसे भरा, एक मार्गदर्शक मिळेल, काही आठवड्यांत शोधनिबंध तयार होईल आणि तो छापायची व्यवस्थाही होईल. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने मे २०२३मध्ये यावर सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, कुणाल पुरोहित, मुंबईचे पत्रकार. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा शोधनिबंध पाहून भारावून जायचे दिवस अधिकाऱ्यांसाठी संपत आले आहेत, एवढं तरी त्यातून कळतं.

चौकट: फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

*निवड कशी होते?* प्रश्नसंच, निबंध, शिफारसपत्रं मागत असतील तर थांबून पाहावं. फॉर्मनंतर लगेच फी मागत असतील तर ती सहल समजावी.

*कोण चालवतं?* विद्यापीठाचा विभाग की जागा भाड्याने घेणारी कंपनी?

*शेवटी हातात काय राहतं?* श्रेणी, लेख, प्रकल्प, की फक्त सहभागाचं प्रमाणपत्र?

*गरजूंना मदत मिळते का?* चांगल्या कार्यक्रमांच्या पानावर हे ठळक लिहिलेलं असतं.

*अर्जाचा विचार बाजूला ठेवला तरी मुलाला जायचं आहे का?* ‘हो’ असेल आणि खिशाला झेपत असेल, तर हरकत काहीच नाही.

मानखुर्दचं शिबिर आणि जूनची अडचण

महाराष्ट्रातल्या मुलांपुढे आणखी एक व्यावहारिक पेच असतो. अमेरिकेतली शिबिरं साधारण जूनच्या शेवटी सुरू होऊन जुलै-ऑगस्टपर्यंत चालतात. इथे राज्य मंडळाची किंवा सीबीएसईची बारावी तोवर सुरू झालेली असते, आणि जेईईचे क्लास तर एप्रिल-मेमध्येही थांबत नाहीत. दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यांची यात दमछाक होते, कारण आयआयटीच्या प्रवेशात समर प्रोग्रामला शून्य किंमत आहे. ब्रिटनमध्ये तर तिसराच हिशेब. ऑक्सफर्ड-केम्ब्रिजमध्ये अर्ज प्राध्यापक वाचतात आणि त्यांना विषयातली खोली हवी असते. विषयावरची चार पुस्तकं मन लावून वाचलेली असली, तर ऑक्सफर्ड गावात भाड्याच्या जागेत भरलेल्या महागड्या शिबिरापेक्षा मुलाखतीत त्यांचाच उपयोग जास्त.

दारात असलेल्या गोष्टी मात्र अनेकदा दिसत नाहीत. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र या विषयांच्या ऑलिम्पियाडसाठी देशभरातून निवडलेली मोजकी मुलं उन्हाळ्यात तिथे शिबिराला येतात. त्यातून आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी भौतिकशास्त्राला पाच, रसायनशास्त्राला चार असे छोटे संघ निघतात. संघात निवड न झालेल्या मुलासाठीही हे शिबिर म्हणजे एमआयटीच्या अधिकाऱ्याला लगेच कळेल असा संकेत आहे. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्रातली संशोधन संस्था सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलांना आठवडाभर शास्त्रज्ञांसोबत काम करू देते. तिथे कुणी प्रवेशाचं आमिष दाखवत नाही, हाही एक फायदाच.

कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या यादीत ‘पगारी काम’ आणि ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असे दोन पर्याय आहेत, हे आपल्या पालकांना सांगितलं तर पटत नाही. सुट्टीत काकांच्या औषधांच्या दुकानात बसून साठ्याचा हिशेब संगणकावर आणणारी मुलगी, आजारी आजीची उठबस करणारा मुलगा, यांचं काम तिथे अधिकृतपणे मोजलं जातं. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पाने २०१६मध्ये काढलेल्या अहवालातही घरच्या जबाबदाऱ्या आणि रोजच्या कामांना प्रवेशात मान द्यावा, उपक्रमांची संख्या नव्हे तर खोली पाहावी, असा आग्रह धरला होता. अनेक विद्यापीठांच्या प्रवेशप्रमुखांनी त्याला पाठिंबा दिला. आणि हार्वर्डचे कित्येक वर्षं प्रवेशप्रमुख असलेले विल्यम फिट्झसिमन्स यांनी सहकाऱ्यांसोबत लिहिलेल्या एका लेखात तर चक्क उन्हाळा मुलांना परत द्या, तो आखीव कार्यक्रमांनी गच्च भरू नका, असं पालकांना सांगितलं होतं.

ज्यांना तरीही चांगल्या शिबिराला जायचंच आहे, त्यांच्यासाठी महत्त्वाचं आहे ते कॅलेंडर. आरएसआयचे अर्ज डिसेंबरमध्ये बंद होतात, समर सायन्स प्रोग्राम आणि गणिताच्या शिबिरांचे फेब्रुवारी-मार्चपर्यंत. त्यांचे प्रश्न सोडवायलाच काही आठवडे जातात, म्हणजे तयारी दिवाळीच्या सुट्टीत सुरू व्हायला हवी. वार्षिक परीक्षा संपवून जो एप्रिलमध्ये शोधायला बसतो, त्याला बहुतेक ठिकाणी फक्त फी घेणारी दारं उघडी दिसतात.